वर्गखोली आणि क्रीडांगण : महाविद्यालयीन खेळाडूंच्या शिक्षणाचा एक मागोवा

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी परीक्षांच्या निकालाचे तक्ते छापले जातात आणि त्यांच्या मागच्या पानांवर क्रीडास्पर्धांत यश मिळविलेल्या विद्यार्थ्यांची नावे असतात. ही दोन्ही पाने शेजारी ठेवून सहसा कोणी वाचत नाही. तशी ती वाचली तर दोन्हीकडे आढळणारी नावे फारच थोडी निघतात. दहावीपर्यंत मुले वर्गातही असतात आणि मैदानावरही असतात. अकरावीत पाऊल पडले की वाटा फुटतात. एक मुलगा शिकवणीच्या वेळेमुळे खेळ सोडतो. दुसरा खेळाच्या नादात वर्गात यायचा थांबतो. पहिल्याला घरचे लोक शाबासकी देतात. दुसऱ्याविषयी आम्ही शिक्षकमंडळी 'तो खेळाडू आहे, त्याचे काय' असे म्हणून मोकळे होतो. पालकही सरळ विचारतात, "सर, खेळून पोट भरतं का?" या प्रश्नाचे उत्तर भाषणाने देता येत नाही. इतिहासात मात्र त्याची काही उत्तरे सापडतात, म्हणून हा लेख.

'अभ्यासेतर उपक्रम' हा शब्द आपण सहज वापरतो. अभ्यासापेक्षा इतर, म्हणजे अभ्यास उरकल्यावर वेळ राहिलाच तर करावयाचे काम, असा त्याचा अर्थ आपल्या मनात पक्का बसला आहे. परंतु मुसलमानांच्या आधुनिक शिक्षणाचा आपल्या देशात जेथे पाया घातला गेला, तेथे ही विभागणी मुळातच नव्हती. सर सय्यद अहमद खान १८६९ साली इंग्लंडला गेले आणि १८७० मध्ये परत आले. केंब्रिजची महाविद्यालये पाहताना त्यांच्या मनावर ठसली ती तेथील एकत्र राहण्याची पद्धत. १८७५ साली अलीगढला मदरसतुल उलूम सुरू झाले आणि ८ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसविण्यात आली. हे महाविद्यालय पहिल्यापासून वसतिगृहाचे होते. नमाज, जेवण, वाचन, वादविवाद आणि खेळ हे सारे एकाच आवारात, ठरलेल्या वेळी चाले.

तेथील क्रिकेट क्लब १८७८ साली स्थापन झाला. तो कोणा इंग्रज साहेबाने काढला असावा असा समज होणे साहजिक आहे. परंतु त्यामागे गणिताचे प्राध्यापक पंडित रमाशंकर मिश्र होते. मुसलमानांच्या महाविद्यालयात हिंदू गणितशिक्षकाने मुलांच्या हाती बॅट दिली, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी होती असे मला नेहमी वाटते. सकाळी फळ्यावर समीकरणे सोडविणारा शिक्षक संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा आहे, हे मुलांनी पाहिले म्हणजे खेळ ही उडाणटप्पूंची गोष्ट आहे असे त्यांना कोण सांगणार?

पुढे १८८३ साली थिओडोर बेक हा तरुण केंब्रिजचा पदवीधर प्राचार्य म्हणून आला आणि १८९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. त्याच्या राजकारणाविषयी मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. परंतु महाविद्यालयीन जीवनाची घडी त्याने नीट बसविली हे मान्य करावे लागते. १८८४ साली सिडन्स युनियन क्लब हे वादविवाद मंडळ सुरू झाले. १८९० साली साहिबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने 'अंजुमनुल फर्ज' ही विद्यार्थ्यांची संस्था निघाली. तिचे सभासद सुट्टीत गावोगाव हिंडून गरीब विद्यार्थ्यांसाठी निधी गोळा करीत. आज आपण अभ्यासेतर उपक्रम म्हटले की स्नेहसंमेलनातील गाण्यांच्या पलीकडे जात नाही. त्या काळचा विद्यार्थी सुट्टीत दारोदार जाऊन दुसऱ्याच्या शिक्षणाचे पैसे उभे करीत होता.

अलीगढमध्ये क्रिकेटचे फार स्तोम माजले आहे, पुस्तकापेक्षा बॅटला मान आहे, अशी टीकाही त्या काळी होत असे. ती अगदीच निराधार नव्हती. खेळाडूभोवती वलय निर्माण झाले की इतर मुलांना न्यूनगंड येतो, हा अनुभव आजही येतो. तरीही त्या मैदानाने काय घडविले याचे एक उदाहरण मोठे बोलके आहे. मौलाना शौकत अली हे विद्यार्थिदशेत महाविद्यालयाच्या क्रिकेट संघाचे कप्तान होते. खिलाफत चळवळीतील त्यांचे भव्य शरीर आणि गडगडाटी आवाज सर्वांना ठाऊक आहे. ते कप्तान होते हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यांनी पदवी घेतली, सरकारी नोकरी धरली आणि धाकटे भाऊ मोहम्मद अली यांना ऑक्सफर्डला पाठविण्यासाठी खटपट करून पैसा उभा केला. १८९८ साली मोहम्मद अली विलायतेला गेले. खेळाडू भावाच्या पाठबळावर विद्वान भाऊ शिकला. त्याही अगोदर या मुलांना इंग्रजी शाळेत घालण्यास घरातूनच विरोध झाला, तेव्हा त्यांच्या मातोश्री बी अम्मा यांनी आपले दागिने गहाण टाकून शाळेचा खर्च भागविला होता. गहाणाची ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे आणखी एक येणार आहे.

१९११ साली हिंदी क्रिकेटपटूंचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्यात अलीगढला शिकलेले खेळाडू होते. त्याच संघात महाराष्ट्राचे पळवणकर बाळू होते आणि दौऱ्यातील खरा पराक्रम त्यांचाच ठरला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील हा गोलंदाज आणि अलीगढचे पदवीधर एका तंबूत बसले, हे त्या काळाच्या मानाने थोडेथोडके नव्हते. पुढच्याच वर्षी, १९१२ साली, मुंबईच्या स्पर्धेत मुसलमानांचा संघ दाखल झाला आणि तिरंगी सामने चौरंगी झाले. धर्मावर आधारलेले हे सामने १९४६ नंतर बंद पडले, ते योग्यच झाले.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. आपल्या भागात महाविद्यालयीन शिक्षण उशिरा आले. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे आजचे विदर्भ महाविद्यालय, तेही त्याच वर्षीचे. आपल्या जिल्ह्यात खामगावला महाविद्यालय निघाले ते १९४७ साली. त्यापूर्वी बुलडाणा, मेहकर, चिखलीच्या मुलाला पदवी घ्यायची तर अमरावती किंवा नागपूर गाठावे लागे. खेळाच्या बाबतीत मात्र वऱ्हाड मागे नव्हता. अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत जो आखाडा सुरू केला, त्याचे पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने कबड्डीसह आपले देशी खेळ आणि व्यायामप्रकार तेथे करून दाखविले. मंडळ तेवढ्यावर थांबले नाही. व्यायामाचे शिक्षक तयार करणे हे त्याने आपले मुख्य काम मानले आणि पुढे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयच उभे केले. आपल्या विभागातील कितीतरी शाळांतील क्रीडाशिक्षक तेथूनच शिकून आले आहेत. खेळ शिकविण्यासाठीही शिकावे लागते, हा विचार वऱ्हाडात रुजला तो या मंडळामुळे.

परंतु खेळ आणि शिक्षण यांचा दुवा पाहायचा तर कोल्हापूरला जावे लागते. छत्रपती शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात बोर्डिंग सुरू केले आणि मोहमेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. आपल्यासारख्या संस्थांना हा वडीलधारा इतिहास आहे. याच राजाने १९१२ साली खासबाग मैदान बांधले, देशभरातील मल्लांना आश्रय दिला आणि तालमींना मदत केली. वसतिगृह आणि आखाडा या दोन्हींचा खर्च एकाच खजिन्यातून होत होता. त्यांत त्यांना विसंगती वाटली नाही.

शाहू महाराजांच्या निधनानंतर पाव शतकाने त्या कोल्हापुरात जे घडले, ते आपल्या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील पैलवान, पोराला लहानपणापासूनच लाल मातीत उतरविले. खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. शरीर किरकोळ, उंची बेताची. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले तर क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी पाहून नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली आणि या किरकोळ मुलाने आपल्यापेक्षा थोराड मल्लांना चीत केले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. आपल्या शाळांत दरवर्षी अशी किती मुले अंगकाठीवरून, कपड्यांवरून किंवा मोहल्ल्याच्या नावावरून बाजूला काढली जात असतील? त्यांतले किती जण प्राचार्यांच्या खोलीचे दार ठोठावण्याचे धाडस करतात? आणि ठोठावले तर आत कोण बसलेले असते?

१९४८ साली लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत घाम गाळलेला हा मुलगा मॅटवरच्या कुस्तीत नवखा होता. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तेथील डाव शिकविले आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले. परत आल्यावर त्यांनी चार वर्षे कसून मेहनत केली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड होण्यातही पुष्कळ अडथळे आले आणि निवड झाली तेव्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, दुकानदारांनी काही दिले, तरी रक्कम पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर मराठा बँकेकडे गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार! प्राध्यापकांचे पगार त्या काळी किती असत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्याचे वजन कळेल.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात खेळले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी येथील मल्लांना त्यांनी हरविले. जपानच्या शोहाची इशीशी झालेली लढत लांबली आणि ते थोडक्यात हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना रशियाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभे केले गेले. नियमाप्रमाणे मध्ये अवधी मिळायला हवा होता, पण तसा आग्रह धरायला आपल्या देशाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता असे सांगतात. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. ते लिअँडर पेसने टेनिसमध्ये मिळविले.

गावी शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सर्वत्र सांगितले जाते. मला त्याहून पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः त्यांत खेळले आणि जमलेला पैसा प्राचार्यांना देऊन त्यांचे घर सोडविले. महाविद्यालयीन खेळाडू बेशिस्त असतो, ऋण जाणत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही कुस्त्यांची जमाखर्चाची वही डोळ्यांपुढे आणावी.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. शासनाने त्यांच्याकडे हवे तसे लक्ष दिले नाही. बढतीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली आणि निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कराडजवळ रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मृत्यूनंतर सुमारे सोळा वर्षांनी देण्यात आला. अलीकडे १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्र शासनाने राज्य क्रीडादिन म्हणून ठरविला आहे, हे उशिरा सुचलेले पण चांगले शहाणपण. तथापि पदकाने पोट भरले नाही, नोकरीने भरले, हे सत्य उरतेच. 'खेळून पोट भरतं का' या पालकांच्या प्रश्नाला खाशाबांच्या आयुष्याने दिलेले उत्तर असे दुहेरी आहे. तालमीतच राहिलेल्या मुलामागे घर गहाण टाकणारा प्राचार्य उभा राहिला नसता. तो उभा राहिला, कारण खाशाबा महाविद्यालयात होते.

परीक्षा आणि खेळ यांची थेट गाठ पडली तर काय करावे, याची दोन निराळी उदाहरणे आहेत. जयपाल सिंग मुंडा हे आदिवासी समाजातील विद्यार्थी ऑक्सफर्डला शिकत होते व आयसीएसचे उमेदवार होते. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी हॉकी संघाचे कप्तान म्हणून त्यांना बोलावणे आले. रजा नाकारण्यात आली. ते तरीही खेळायला गेले, आणि त्यांची आयसीएस सुटली. दुसरे नागा प्रदेशातील तालिमेरेन आओ यांचे. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये हे भारतीय फुटबॉल संघाचे कप्तान होते आणि त्याच काळात कलकत्त्याला वैद्यकीय शिक्षण घेत होते. त्यांनी शिक्षण सोडले नाही. डॉक्टर होऊन आपल्या प्रदेशात आरोग्यसेवा केली. कोणाचे बरोबर हे ठरविण्याचा आपल्याला अधिकार नाही. एवढे मात्र दिसते, की एकाच्या वरिष्ठांनी त्याला दोहोंपैकी एक निवडायला लावले आणि दुसऱ्यावर ती वेळ आली नाही.

शिक्षकच खेळाडू असेल तर प्रश्न निम्मा सुटतो. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात दिनकर बळवंत देवधर संस्कृत शिकवीत. १९२६ साली गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला, तेव्हा त्यांनी वयाची अठ्ठेचाळिशी गाठली होती. कालिदास शिकविणारा माणूस फलंदाजीही करतो म्हटल्यावर पुण्यातील पालकांची तोंडे आपोआप बंद झाली असतील!

पण आम्हा शाळामास्तरांना सर्वांत जवळचा वाटावा असा माणूस हैदराबादचा. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ चा. उस्मानिया विद्यापीठाचे ते बीए. हे विद्यापीठ १९१८ साली निघाले आणि त्याचे माध्यम उर्दू होते. आपला शेजारचा मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानातच होता; उस्मानियाचे इंटरमीजिएट कॉलेज १९२३ साली औरंगाबादेत उघडले गेले आणि बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक तेथे प्राचार्य होते. म्हणजे देऊळगाव राजाहून पलीकडे जालन्याच्या बाजूला उतरले की उस्मानियाचे क्षेत्र सुरू होत असे. रहीमसाहेब विद्यार्थी असताना फुटबॉल खेळले, पदवी घेतल्यावर शाळेत शिक्षक झाले, मग शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. काचीगुडा, चादरघाट अशा ठिकाणच्या शाळांत त्यांनी मुलांना शिकविले.

१९५० साली ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले आणि या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत उपांत्य फेरीपर्यंत गेला. तेथे ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविताना मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. १९६२ साली जकार्ताला अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून पुन्हा सुवर्णपदक. त्या वेळी रहीमसाहेब कर्करोगाने पोखरले गेले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला, त्यामुळे आजच्या मुलांना त्यांचे नाव कळले.

चित्रपटात सामने दिसतात. माझे लक्ष त्यांच्या शिकविण्याच्या पद्धतीकडे जाते. खेळाडूंचा डावा पाय कच्चा असेल तर ते अशी स्पर्धाच लावीत की जीत फक्त कमकुवत पायाने चेंडू मारायचा. कोणी चेंडू स्वतःकडेच ठेवून पळत असेल तर चेंडू पळविण्याला बंदी असलेले सामने खेळवीत. हे प्रशिक्षकाचे डोके कमी आणि शिक्षकाचे जास्त आहे. वर्गात गणिताला घाबरणाऱ्या मुलाला आपण काय करतो? तो भाग वगळून बाकीचे पाठ करून घेतो. रहीमसाहेब जेथे कच्चे असेल तेथेच खेळायला लावीत. बीए होऊन शाळेत शिकविणारा माणूस देशाच्या संघाला दोन आशियाई सुवर्णपदके मिळवून देऊ शकला, यामागे मैदानाइतकाच खडूफळाही आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे. येथे खेळाची परंपरा नाही, सोयी नाहीत, ही रड जुनी आहे. मे २०२३ मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषक स्पर्धेत बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरने जगातील पहिल्या क्रमांकाचा नेदरलँडचा माइक श्लोसर याला १४९-१४८ असे एका गुणाने हरवून कंपाउंड प्रकारात सुवर्णपदक घेतले. त्याच वर्षी हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण मिळविणाऱ्या त्रिकुटातही तो होता. त्यामुळे सोयींचे कारण आता पूर्वीइतके पुढे करता येणार नाही.

आपल्या समाजातील मुलांचा खेळ बहुधा दोन ठिकाणी सापडतो. एक, सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉलचे क्रिकेट. दुसरे, संध्याकाळचे शूटिंग बॉल. दोन्हींत हुशार मुले आहेत, पण या खेळांची महाविद्यालयात कोठे नोंद होत नाही. आणि तिसरे एक मैदान आहे, ज्याला आपण खेळ म्हणतच नाही: पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी भरतीची मुले. खाशाबा जाधव ज्या खात्यात गेले त्याच खात्याच्या शिपाई भरतीसाठी ही मुले धावतात. या भरतीचे गणित पालकांनी नीट पाहावे. मैदानी चाचणीला ५० गुण, त्यांत १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. लेखी परीक्षेला १०० गुण. मैदानावर निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखीला बसता येत नाही, आणि लेखीत मागे पडला तर पायांचा वेग फुकट जातो. आपली मुले कोठे पडतात, हे प्रत्येक मोहल्ल्यात ठाऊक आहे. धावण्यात पुढे असलेला मुलगा मराठी व्याकरण आणि अंकगणितात अडतो, कारण अकरावीपासून त्याने वर्ग सोडलेला असतो. आणि वर्गात पहिला येणारा मुलगा चौथ्या फेरीला धापा टाकतो. शासकीय नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत. पण या दोन्हींसाठी अधिकृत स्पर्धेची प्रमाणपत्रे लागतात. रस्त्यावर धावल्याचे प्रमाणपत्र कोणी देत नाही.

मुलींविषयी थोडे. दहावीनंतर आपल्या मुलींचे मैदान जवळजवळ संपतेच, आणि कारण विचारले तर परदा, अंतर, लोक काय म्हणतील, अशी उत्तरे येतात. तेलंगणातील निजामाबाद आपल्यापासून फार दूर नाही. तेथील निखत जरीनने २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षे मुष्टियुद्धात जागतिक विजेतेपद मिळविले. तिला पहिल्यांदा मैदानावर नेले ते तिच्या वडिलांनी. ते स्वतः खेळाडू होते. मुलींसाठी वेगळी वेळ, महिला शिक्षिका आणि बंदिस्त आवार एवढे केले तरी निम्मे आक्षेप गळून पडतील. उरलेल्या निम्म्यांसाठी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी प्रथम आपल्या घरातील मुली पाठवाव्यात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम असा कडक भेद ठेवू नये असे म्हटले आहे. पंडित रमाशंकर मिश्रांनी हे १८७८ सालीच करून दाखविले होते. धोरण कागदावर यायला सुमारे दीडशे वर्षे लागली. कागदावरून वेळापत्रकात यायला किती लागतील, हे बरेचसे आमच्यावर अवलंबून आहे. येथे अगदी साधी अडचण सांगतो. शालेय जिल्हास्तरीय स्पर्धा साधारण ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत चालतात. आपल्या घटक चाचण्या आणि सहामाही परीक्षा त्याच महिन्यांत असतात. खेळाडू स्पर्धेला गेला की त्याची चाचणी बुडते, शून्य मांडले जाते आणि त्या शून्याकडे पाहून घरचे लोक त्याचा खेळ बंद करतात. खेळाडूंची चाचणी आठ दिवसांनी वेगळी घेण्यास कोणताही नियम आड येत नाही. बुडालेल्या धड्यांची यादी वर्गशिक्षकाने त्याच्या हाती द्यावी आणि दिवाळीच्या सुट्टीतील पहिले सहा दिवस रोज दोन तास या मुलांसाठी वर्ग चालवावा. भाषा आणि गणित हे दोन विषय घेतले तरी पुरे. इतिहास आणि मराठीचे तास घेण्याची माझी तयारी आहे. गणितासाठी एक नाव हवे आहे.